कॉम दे गार्सोंचा ‘हिनोकी’: सगळ्या हवामानांत वापरून झाल्यावर

हिनोकी पहिल्यांदा अंगावर घेणारे बहुतेक जण पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळे होतात: टर्पेंटाइन! निकाल चुकीचा नाही, पण घाईचा आहे. या परफ्युमचं खरं काम साधारण पंधराव्या मिनिटानंतर सुरू होतं, आणि ते इतकं नेमकं आहे की उन्हाळी, दमट, थंड अशा सगळ्या हवेत वापरून झाल्यावरही त्याच्या तोडीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. तो त्वचेवर कमी टिकतो, हेही तितकंच खरं. त्याचं सौंदर्य आणि त्याचं अल्पायुष्य या दोन्हींचं मूळ एकच आहे. ते समजून घेतलं की बाटली कशी वापरायची, कुठे फवारायची आणि कुठे नाही, हे सगळं सोपं होतं.

आधी जुजबी माहिती. लंडनहून निघणारं मोनोकल मासिक आणि कॉम दे गार्सों हे जपानी फॅशन-घर यांनी मिळून २००८ मध्ये काढलेला हा पहिला परफ्युम. सुगंधकार अँत्वान मेझोंदियू. प्रकार ओ द त्वालेत, म्हणजे सौम्य तीव्रतेचा; बाटली ५० मिलीची. कल्पना जपानी ऱ्योकानमधल्या, म्हणजे पारंपरिक अतिथिगृहातल्या, हिनोकीच्या लाकडी टबातल्या स्नानाची. जाहीर केलेल्या नोट्स, म्हणजे वासाचे सूर, सायप्रस (सरू), टर्पेंटाइन, कापूर, सीडर (देवदार), थाइम, पाइन, फ्रँकिन्सेन्स (धुपाचा सुगंधी डिंक), मॉस (शेवाळ) आणि वाळा अशा आहेत. यादीत फळ नाही, फूल नाही, व्हॅनिला नाही. बाटलीतही ते नाही. गोडवा शोधणाऱ्याने इथेच थांबावं.

हिनोकी हा सायप्रसच्या कुळातला जपानी सूचिपर्णी वृक्ष. लाकूड फिकट, गुलाबीकडे झुकणारं, सरळ रेषांचं, पाण्याला आणि किडीला दाद न देणारं. जपानमधल्या इसे इथलं महामंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात ते याच लाकडात; शेवटचं नूतनीकरण २०१३ मध्ये झालं. तिथल्याच किसो खोऱ्यातल्या हिनोकीची एदो काळात (१६०३ ते १८६८) इतकी राखण होती की चोरून तोडणाऱ्याला मृत्युदंड होता. स्नानाच्या टबासाठी हे लाकूड निवडतात ते ओलाव्यात टिकतं म्हणून, आणि गरम पाणी पडताच वास सोडतं म्हणूनही. कोरड्या टबाला वास जेमतेम असतो. पाणी ओतलं की पहिल्या काही मिनिटांत लिंबासारखी धार असलेला, कापराची थंडाई असलेला, तरीही मऊ वास वाफेबरोबर वर येतो. परफ्युमला पकडायचा आहे तो हाच क्षण: कोरडं लाकूड ओलं होतानाचा.

आता पहिली पंधरा मिनिटं. फवारा मारताच येतो तो तीक्ष्ण, रंगाच्या डब्याच्या झाकणासारखा वास. यात बनावट काही नाही. टर्पेंटाइन पाइनच्या चिकातून काढतात आणि त्यात मुख्यत्वे पायनीन असतं. सूचिपर्णी झाडांच्या तेलांत हेच पायनीन सर्रास असतं. म्हणजे जंगलाचा ताजेपणा आणि टर्पेंटाइनचा भपका हा एकाच रेणूचा प्रताप. प्रमाण थोडं असलं तर नाक त्याला जंगल म्हणतं, जास्त झालं तर पॉलिश म्हणतं. म्हणून फवारल्याबरोबर मनगट नाकाला लावू नये. मद्यार्क उडायला मिनिटभर लागतं, आणि पायनीनचा लोंढा ओसरायला त्याहून बराच जास्त वेळ. ‘फ्रेश’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतांश परफ्युममध्ये ताजेपणा समुद्री किंवा साबणी असतो. इथे तो चिकाचा आणि कापराचा आहे, थोडा औषधी. थाइममुळे त्यात एक हिरवट, कडवट रेघ येते, आणि मला तीच फार आवडते. ती नसती तर सुरुवात नुसतीच फरशी पुसण्याच्या द्रवासारखी वाटली असती.

मग तो भाग येतो ज्यासाठी ही बाटली घ्यायची. भपका बसतो, कापूर मागे सरकतो आणि सीडर व सायप्रस यांच्या मधोमध एक ओलसर, स्वच्छ लाकूड उभं राहतं. नुकत्याच रंधा मारलेल्या फळीवर गरम पाणी ओतावं, तसं. मनगटाच्या आतल्या बाजूला फवारलं असेल तर एक करून पाहा: वीस-पंचवीस मिनिटांनी त्या जागेवर तोंड उघडून सावकाश उच्छ्वास सोडा आणि लगेच वास घ्या. उबदार, दमट श्वासाने तो वास पुन्हा वर उचलला जातो आणि मघाशी सपाट वाटलेल्या लाकडात लिंबाच्या सालीसारखी बारीक धार परत दिसते. टबात जे घडतं तेच इथे दोन सेंटिमीटरवर घडतं. हात धुताना मनगटावर कोमट पाणी गेलं तरी हाच परिणाम मिळतो, फक्त साबण दूर ठेवायचा.

हा टप्पा त्वचेवर तास-दीड तास चालतो. त्यानंतर फ्रँकिन्सेन्स, मॉस आणि वाळा उरतात. धूर नाही, राख नाही; फ्रँकिन्सेन्स इथे कोरडा, किंचित लिंबट राहतो आणि वाळा त्याला मातीकडे ओढतो. शेवट सभ्य आहे, पण खास नाही. इतर डझनभर लाकडी परफ्युमही इथेच पोहोचतात. तिसऱ्या-चौथ्या तासाला त्वचेला नाक टेकवल्याशिवाय काही कळत नाही.

कमी टिकण्यावर बरीच नाराजी असते, म्हणून कारण नीट सांगायला हवं. पायनीन, लिमोनीन हे मोनोटर्पीन वर्गातले रेणू: दहा कार्बनचे, रेणुभार १३६, हलके आणि घाईने उडून जाणारे. पायनीनचा उत्कलनबिंदू १५६ अंश सेल्सिअसच्या आसपास. सीडरमधला सीड्रॉल पंधरा कार्बनचा, रेणुभार २२२, त्यामुळे कितीतरी सावकाश उडतो. गोड अंबरी परफ्युम तासन्तास चालतात कारण त्यांचा सगळा डोलारा जड रेणूंवर उभा असतो. हिनोकीचा जीव हलक्या रेणूंत आहे. त्यावर जड अंबर, व्हॅनिला, मस्कचं ओझं टाकलं असतं तर टिकाऊपणा वाढला असता, पण ओलं लाकूड पहिल्या अर्ध्या तासातच दबून गेलं असतं. मेझोंदियू यांनी ते टाळलं, आणि मला ते बरोबर वाटतं.

खऱ्या लाकडाचा वास मग शतकानुशतकं कसा टिकतो? जपानमधल्या नारा इथल्या होर्यूजी मंदिराच्या दुरुस्तीवर आयुष्य घालवलेले मंदिर-सुतार निशिओका त्सुनेकाझू सांगत असत की तेराशे वर्षांच्या तुळईवरही रंधा फिरवला की हिनोकीचा वास येतो. तेल लाकडाच्या आत बंद असतं. वरचा थर कोरडा पडतो आणि आतलं सुरक्षित राहतं. वास हरवलेल्या जुन्या टबाची आतली बाजू हलकेच तासली तर तो परत येतो, त्याचंही कारण हेच. परफ्युममध्ये असं कुलूप नसतं. त्वचेवर पातळ थर पसरतो, खालून ३२-३३ अंशांची ऊब मिळते आणि सगळं एकदम उघडं पडतं.

यावर लोक जो उपाय करतात, म्हणजे दुप्पट फवारे, तो इथे सर्वांत कुचकामी आहे. हलक्या घटकांचं प्रमाण ढोबळमानाने ठरावीक वेळात अर्धं, मग त्याच्याही अर्धं असं घटत जातं. समजा, ते दर वीस मिनिटांनी निम्मं होतंय. दुप्पट मारलंत तर ते मुळातल्या पातळीवर वीस मिनिटं उशिरा येईल, एवढीच कमाई. बदल्यात सुरुवातीचा टर्पेंटाइनचा भपका दुप्पट. शेजारी बसलेल्याच्या वाट्याला नेमका तोच येतो.

उपयोग होतो तो जागा बदलण्याचा. कापडाला ऊब नसते आणि धाग्यांच्या जाळीत द्रव अडकून राहतो, म्हणून सुती किंवा लोकरी कपड्यावर हिनोकीचा मधला टप्पा चार-पाच तासांपर्यंत लांबतो; लोकरीच्या मफलरवर दुसऱ्या दिवशीही सीडर आणि फ्रँकिन्सेन्स सापडतो. माझी पद्धत ठरून गेली आहे: शर्टाच्या आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर दोन फवारे, कॉलरच्या मागच्या पट्टीवर आतून एक, आणि एक कोपराच्या खळगीत, सुरुवातीचा आनंद घ्यायला. अंतर दहा ते पंधरा सेंटिमीटर. हात लांब करून हवेत फवारून त्यातून चालत गेलं तर बराचसा माल जमिनीवर जातो. कपडा घालायच्या आधी दहा मिनिटं फवारून टांगून ठेवला तर टर्पेंटाइनचा पहिला लोंढा कपाटापाशीच संपतो, आणि अंगावर थेट लाकूड येतं. एवढ्या एका सवयीने या परफ्युमबद्दलच्या निम्म्या तक्रारी मिटतील. रेशमावर मात्र फवारू नका, डाग पडू शकतो. नव्या कपड्याला आतल्या शिवणीवर एक थेंब लावून वाळू द्यावा आणि मगच ठरवावं.

त्वचेवरच हवा असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर, किंवा नाडीच्या जागी पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. तेलकट थरात सुगंधी घटक विरघळतात आणि बाष्पीभवन मंदावतं; कोरडी त्वचा हिनोकीला पिऊन टाकते. फरक मोठा नाही, अर्धा-पाऊण तास मिळतो. मनगटं एकमेकांवर घासण्याने ‘रेणू मोडतात’ हे खोटं, पण घर्षणाची ऊब आणि पसरलेला थर यांमुळे हलका भाग लवकर उडतो, हे खरं. ज्या परफ्युमचं सगळं वैभव त्या हलक्या भागातच आहे, तिथे घासणं टाळलेलं बरं.

थर चढवण्याबद्दल. वाळ्याच्या तेलाचा एक बारीक ठिपका आधी त्वचेवर लावून त्यावर हिनोकी फवारला तर उत्तम जमतं. वाळा आत आधीपासून आहेच, त्यामुळे सूर बदलत नाही आणि शेवटच्या टप्प्याला बूड मिळतं. ठिपका मोठा झाला की माती वर चढते आणि लाकूड हरवतं. चंदन मात्र इथे जमत नाही. त्याचा दुधाळ मऊपणा हिनोकीचा ओलेपणा पुसून टाकतो. सर्वांत मोठा शत्रू सुवासिक फॅब्रिक कंडिशनर आणि वासाचा डिओडरंट. त्यातले पांढरे मस्क, म्हणजे कस्तुरीच्या वळणाचे कृत्रिम घटक, हट्टी असतात, दिवसभर कापडाला चिकटून राहतात, आणि त्यांच्यासमोर हा परफ्युम तासाभरात दिसेनासा होतो. ‘माझ्यावर टिकतच नाही’ म्हणणाऱ्याने आधी बिनवासाच्या साबणात धुतलेल्या कपड्यावर एकदा वापरून पाहावा.

हवामानाने तो बराच बदलतो. कोरड्या उन्हात सुरुवात आरडाओरडा करते आणि लाकूड दिसेपर्यंत निम्मं उडून गेलेलं असतं. अशा दिवशी फक्त कपड्यावर. दमट हवा त्याला सर्वांत मानवते. पाऊस पडून गेल्यावर, आंघोळीनंतर अंग थोडं ओलसर असताना, किंवा वाफ धरलेल्या खोलीत तो जितका खरा वाटतो तितका इतर कुठेच नाही. कडक थंडीत पायनीन दबून राहतं, कापूर पुढे येतो आणि एकूण परिणाम सपाट, औषधी होतो. गळ्याभोवतीच्या मफलरवर एक फवारा मारला तर श्वासाची ऊब मिळून तो पुन्हा जागा होतो.

नाकाचीही एक अडचण आहे. लाकडी वासांना, विशेषतः आधुनिक परफ्युममधल्या आयसो ई सुपरसारख्या घटकांना, नाक लवकर सरावतं, आणि काही लोकांना ते जवळपास जाणवतच नाहीत. तासाभरात वास गेला असं वाटलं तर बाहेर मोकळ्या हवेत दहा मिनिटं जाऊन या आणि मग शर्टाच्या आतला भाग हुंगा. किंवा दुसऱ्याला विचारा. पुष्कळदा वास जागेवरच असतो.

बाटलीची काळजी हा विषय इथे इतर परफ्युमपेक्षा गंभीर आहे. हवेतल्या ऑक्सिजनने पायनीन आणि लिमोनीन यांचं ऑक्सिडेशन होतं आणि हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात. ती वास बिघडवतात आणि त्वचेला ॲलर्जीची सवयही लावू शकतात. खूण ओळखायला सोपी आहे: सुरुवातीची धार जाऊन जुन्या वार्निशसारखा, जडसर आंबूस वास येतो, आणि नोझलभोवती चिकट पिवळसर कडं धरतं. बाटली अर्ध्यावर आली की आतली हवा वाढते आणि हे वेगाने घडतं. म्हणून खोक्यात, अंधारात, २५ अंशांच्या खाली ठेवावी. न्हाणीघरात तर अजिबात ठेवू नये. तिथली ऊब-गारव्याची ये-जा सर्वांत वाईट. अर्धी उरल्यावर ५ किंवा १० मिलीच्या काचेच्या स्प्रे-कुप्यांत काढून ठेवणं चांगलं. कुपी गळ्यापर्यंत भरावी, वर उष्णतेने फुगण्यापुरती जेमतेम जागा सोडावी, बूच घट्ट लावावं आणि भरल्याची तारीख चिकटवावी. स्वस्त प्लास्टिकच्या कुप्या नकोत. टर्पीन काही प्लास्टिकला मऊ करतात आणि कुपी गळू लागते.

फवारा बारीक येण्याऐवजी धार येऊ लागली तर बहुधा नोझलच्या भोकात चिकाचा थर बसलेला असतो. नोझल वर ओढून काढावं, गरम पाण्यात काही मिनिटं ठेवावं, मग रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून पूर्ण वाळवून बसवावं. सुई घालू नये, भोक मोठं होतं आणि धार कायमची होते.

त्वचा संवेदनशील असेल तर खोक्यावरच्या घटकांत लिमोनीन, लिनालूल ही नावं आहेत का ते पाहावं. कोपराच्या आत एक फवारा मारून ४८ तास वाट बघणं हा साधा उपाय. जपानमध्ये वसंतात हिनोकीच्या परागकणांची ॲलर्जी पुष्कळांना होते, त्यामुळे हा परफ्युम चालेल का, असा प्रश्न येतो. परागांची ॲलर्जी त्यांतल्या प्रथिनांमुळे होते, आणि वाफेने काढलेल्या तेलात ती प्रथिनं नसतात. त्या अर्थाने धोका वेगळा. तरी नाक आधीच सुजलेलं असताना पायनीनचा भपका कुणालाच सुखाचा वाटत नाही. आणखी एक गैरसमज: हिनोकीच्या वासात जंतुनाशक हिनोकिटिऑल असतं म्हणून तो ‘आरोग्यदायी’, असं विक्रीच्या मजकुरात वाचायला मिळतं. हिनोकिटिऑल तेत्सुओ नोझोए यांना १९३० च्या दशकात सापडलं ते तैवानी हिनोकीत. हिबा या दुसऱ्या जपानी सूचिपर्णी झाडामध्येही ते भरपूर आहे. जपानी हिनोकीत मात्र नगण्य. परफ्युम वासासाठी घ्यावा.

खर्चाचा हिशेब करून ठेवा. साधारण नोझल एका वेळी ०.१ मिलीच्या आसपास टाकतं, म्हणजे ५० मिलीत सुमारे ५०० फवारे. रोज चार मारले तर सव्वाशे दिवस. दुपारी पुन्हा दोन-तीन मारणारा तीन महिन्यांतच तळ गाठेल. इतक्या वापरात ऑक्सिडेशनची चिंता मात्र आपोआप मिटते.

पर्यायांचं बोलायचं तर ‘क्योटो’ हा कॉम दे गार्सोंचाच, बर्त्राँ द्युशोफूर यांचा २००२ चा परफ्युम. त्यात धूप आणि कॉफी पुढे आहेत, लाकूड मागे. ध्यानाच्या खोलीचा वास हवा असेल त्याला तो पटेल, पण ताजेपणा कमी. मोनोकलच्याच मालिकेतला ‘सुगी’ हिनोकीपेक्षा मऊ आणि पावडरी, त्यात आयरिस आहे. टर्पेंटाइनची धास्ती असणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. एसॉपचा ‘हविल’ हिबाच्या जुन्या जंगलांवर बेतलेला, धुरकट, जड आणि कितीतरी जास्त टिकणारा. त्यात पाणी नाही, सावली आहे. इस्सी मियाके यांच्या १९९४ च्या पुरुषांच्या परफ्युममध्ये युझू या जपानी लिंबाची चमक आहे, पण तो समुद्री वळणाचा. ओलं लाकूड हवं असेल तर यांतला एकही हिनोकीची जागा घेत नाही.

बाटली घेण्याआधी २ मिलीचा नमुना घ्या. पहिल्या दिवशी कागदी पट्टीवर आणि मनगटावर एकाच वेळी फवारा आणि पट्टीकडे पाव तास ढुंकूनही पाहू नका. कागद थंड असल्यामुळे लाकडाचा टप्पा त्यावर सावकाश उलगडतो आणि मनगटावर काय लवकर हरवतंय ते कळतं. दुसऱ्या दिवशी फक्त कपड्यावर, शक्यतो दमट हवेत. पट्टीवरचा वास आवडला आणि कपड्यावरचाही आवडला, तर मनगटावर तो तीन तासांत गेला म्हणून मागे हटू नका. दोन्हींवर टर्पेंटाइनच्या पलीकडे काही जाणवलं नाही, तर मोठी बाटली घेऊनही ते जाणवणार नाही.